शेवळं कुणाला आवडतात?

वळवाचे दोन-तीन सडाके पडून गेले, की पेठच्या डोंगरउतारांवर शेवळं वर येतात. पान नाही, फांदी नाही. ओल्या मातीतून सरळ वर आलेला जांभळट तपकिरी कोंब. जमिनीखालचा कंद उन्हाळाभर निजलेला असतो. पहिली ओल लागली की त्याला आधी फुलोरा फुटतो, पानांची पाळी नंतर. हा फुलोरा उमलायच्या आत खुडला तर त्याची भाजी होते. उमलू दिला तर त्याला सडक्या मांसासारखी घाण सुटते, कारण घाणीवर येणारे किडे-माश्या बोलावल्याशिवाय या झाडाचं परागीभवन होत नाही. सुरण याच्याच जवळच्या नात्यातला आहे, आणि दोघांचा अवगुणही एकच: खाज.

म्हणूनच शेवळाची भाजी करणाऱ्या बाईचा हात बघत बसावा असा असतो. ती आधी वरचं आवरण सोलते. आतल्या दांड्यावरचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकते, कारण खाज तिथे जास्त. उरलेलं बारीक चिरून पाण्यातून काढते. एकीकडे काकडाच्या झाडाची हिरवी आंबट फळं ठेचून त्यांचं पाणी काढलेलं असतं. ते भाजीत पडल्याशिवाय पुढचं काही होत नाही. मग तेल, लसूण, तिखट, असली तर मूठभर सुकट किंवा डाळ, आणि भरपूर वेळ. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेत घुसतात आणि घसा खवखवतो. घाईनं उतरवलेली भाजी पहिल्याच घासाला हे सांगते. नीट शिजलेली भाजी मात्र मऊ, दाट, आंबटसर आणि थोडी मांसाच्या रश्श्याकडे झुकणारी लागते.

पेठमधला म्हातारा माणूस या भाजीची वर्षभर वाट बघतो. नाशिकहून आलेला पाहुणा ताटात थोडीशी वाढून घेतो, बोटानं चाचपतो आणि बाजूला सारतो. दोघांच्या जिभा सारख्याच आहेत. मग एवढा फरक कुठून आला?

पेठ हा नाशिक जिल्ह्याचा पश्चिमेकडचा, गुजरातला लागून असलेला तालुका. सावळघाट उतरून पुढे धरमपूरकडे जाणारा रस्ता याच तालुक्यातून जातो. लोकसंख्येत अनुसूचित जमातींचं प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. कोकणा, महादेव कोळी, वारली ही इथली मुख्य माणसं. शेत पावसावरचं. भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी. पावसाळ्याचे चार महिने रान स्वतःच भाजीबाजार होतं: शेवळं, फोडशी, टाकळा, कुर्डू, तेरं, करटुली, बांबूचे कोवळे कोंब, आळिंब. आवडनिवड कशी घडते हे समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही, कारण इथे एकाच पंगतीत कुणाच्या जिवाभावाची आणि कुणाच्या नकोशी झालेली चव शेजारीशेजारी बसलेली असते.

आधी जिभेचा आणि नाकाचा वाटा किती, ते पाहू.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण नाशिककराच्या रोजच्या ओळखीचं आहे: कोथिंबीर. नाशिकच्या बाजार समितीत कोथिंबिरीच्या जुड्यांचा लिलाव होतो, भाव शेकड्यावर बोलला जातो, आणि हिरवा माल गाड्या भरभरून मुंबईकडे जातो. आपल्याकडे पोह्यांवर, आमटीवर, मिसळीवर कोथिंबीर नसली तर ताट अपुरं वाटतं. जगात मात्र अशी बरीच माणसं आहेत, की ज्यांना कोथिंबीर तोंडात गेली की साबण चावल्यासारखं होतं. त्यांची तक्रार खरी असते. कोथिंबिरीच्या वासात अल्डिहाइड गटातली रसायनं असतात. त्याच कुळातली रसायनं साबणांच्या वासात सापडतात आणि ढेकूणही तसलीच सोडतो. 2012 मध्ये हजारो लोकांच्या जनुकांची तपासणी झाली, तेव्हा साबणाची तक्रार करणाऱ्यांमध्ये वास ओळखणाऱ्या ग्राहींच्या जनुकांपाशी एक विशिष्ट बदल जास्त आढळला. तिथलं ओआर6ए2 नावाचं जनुक याच अल्डिहाइडांना हुंगण्यात तरबेज आहे.

पण त्याच वर्षी कॅनडातल्या तरुणांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. कोथिंबीर न आवडणाऱ्यांचं प्रमाण पूर्व आशियाई वंशाच्या तरुणांत 21 टक्के, युरोपीय वंशाच्यांत 17 टक्के आणि दक्षिण आशियाई, म्हणजे आपल्या लोकांत, फक्त 7 टक्के निघालं. या फरकाला जनुक अपुरं पडतं. 2012 च्या जनुकीय अभ्यासातही त्या बदलाचा हिस्सा अगदी लहान होता. ज्याच्या घरी रोज कोथिंबीर निवडली जाते, त्याच्या नाकाला तो वास साबणाचा वाटायच्या आत जेवणाचा वाटू लागतो. आणखी एक गोष्ट. पानं चेचली की त्यातलीच विकरं अल्डिहाइडांचं हळूहळू रूपांतर करतात आणि वास सौम्य होतो. आपल्या पाट्यावरच्या चटणीनं हे काम कुणी न सांगता कधीपासून चालवलं आहे.

कडूपणाची कथा याहून जुनी. 1931 साली अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हा रसायनशास्त्रज्ञ फेनिलथायोकार्बामाइड, म्हणजे पीटीसी, नावाची पूड बाटलीत भरत होता. थोडी पूड हवेत उडाली. शेजारचा सहकारी तक्रार करू लागला, की तोंड कडू झालं. फॉक्सला काहीच लागलं नव्हतं. दोघांनी पूड चाखून पाहिली. एकाला जहर कडू, दुसऱ्याला खडूसारखी बेचव. पुढे दिसून आलं, की हा फरक पिढीजात चालतो. भारतातल्या मानवशास्त्रज्ञांनी गेल्या शतकात पीटीसीचे कागद घेऊन अनेक जातीजमातींच्या वस्त्या पालथ्या घातल्या, कारण कोणत्या समूहात किती जणांना ते कडू लागतं यावरून समूहांमधलं नातं शोधता येईल अशी आशा होती. 2003 मध्ये त्यामागचं जनुक सापडलं, टीएएस2आर38.

माणसाकडे कडूसाठी असे सुमारे 25 ग्राही आहेत. गोडासाठी मात्र एकाच जोडीवर भागतं. यात एक शहाणपण आहे. साखर कुठूनही आली तरी साखरच. विष मात्र शेकडो प्रकारचं असतं आणि त्यातलं बरंचसं कडू असतं. जन्मून काही तासच झालेल्या बाळाच्या ओठावर गोडाचा थेंब ठेवला तर ते ओठ चाटतं, कडूचा ठेवला तर तोंड वाकडं करतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. पीटीसीचा ग्राही कोबी, मोहरीच्या कुळातला कडूपणा ओळखतो. कारल्याच्या आणि मेथीच्या कडूपणाशी त्याचा फारसा संबंध नाही. म्हणजे एखाद्याला कोबी कडवट लागतो आणि कारलं मात्र तो मजेत खातो, यात विसंगती काही नाही.

कडूला माणसानं शोधलेलं सगळ्यात स्वस्त उत्तर म्हणजे मीठ. 1997 मध्ये ब्रेस्लिन आणि बोशां या दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की मीठ कडूपणाला दाबतं आणि त्यामुळे मागचा गोडवा वर येतो. कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळून पाणी पिळून टाकताना आपण दोन कामं एकदम करतो: कडू रस बाहेर काढतो, आणि उरलेला जिभेपासून झाकतो.

पेठच्या रानात याहून अवघड कडू आहे. कडूकंद हा वेलीला लागणारा, जमिनीतही वाढणारा कंद. नुसता उकडून खाल्ला तर पोट बिघडतं. त्यातली कडू द्रव्यं यकृतालाही बाधू शकतात. सह्याद्रीतले आदिवासी तो पातळ कापून राखेच्या पाण्यात उकडतात आणि मग टोपलीत घालून वाहत्या पाण्यात ठेवतात. कडूपणा उतरला का, हे चाखून ठरवतात. राख अल्कधर्मी, ओढ्याचं पाणी सतत नवं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात रानटी कडू बटाट्यांबरोबर तिथले लोक विशिष्ट माती खातात. ती माती विषाला धरून ठेवते. दोन्हीकडची माणसं एकमेकांना कधी भेटलेली नाहीत. दोन्हीकडे उपासमारीच्या दिवसांनी शिकवलं. मला या ज्ञानाबद्दल फार आदर वाटतो, कारण त्यातल्या प्रत्येक पायरीमागे कुणाचं तरी पोट दुखलेलं असणार.

आणि पोट दुखलं की काय होतं, हे शास्त्रानं नीट तपासलं आहे. 1955 मध्ये जॉन गार्सिया आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी पाजलं आणि त्याच वेळी त्यांना किरणोत्सर्गानं आजारी पाडलं. उंदरांनी पुढे ते गोड पाणी सोडून दिलं. नंतरच्या प्रयोगांतून कळलं, की खाणं आणि आजार यांच्यात काही तासांचं अंतर असलं तरी मेंदू दोष चवीलाच देतो, आणि तोही बहुधा एकाच अनुभवात. त्या काळच्या मानसशास्त्राला हे पटेना. बक्षीस किंवा शिक्षा लगेच मिळाली तरच प्राणी शिकतो, असं सगळे धरून चालले होते. गार्सियाचे शोधनिबंध मान्य व्हायला बरीच वर्षं गेली.

आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या घरी गार्सियाचा उंदीर आहे. लहानपणी तापात खाल्लेला साबुदाणा, उलटी झाली त्या दिवशीचं अंडं, एसटीच्या घाटात त्रास झाला तेव्हा तोंडात असलेली लिमलेटची गोळी. माणसाला पक्कं ठाऊक असतं, की दोष विषाणूचा किंवा वळणांचा होता. तरी पन्नाशीतही तो पदार्थ नको वाटतो. अशा माणसाला आग्रह करून वाढण्यात काही अर्थ नसतो. ती नावड त्याच्या विचारांच्या खालच्या मजल्यावर राहते.

जनुक आणि आजार हे दोन धागे मिळूनही पेठच्या म्हाताऱ्याचं शेवळ उलगडत नाही. त्यासाठी आईच्या पोटापासून सुरुवात करावी लागते.

1995 मध्ये संशोधक जूली मेनेला आणि तिच्या सहकाऱ्यांनी गर्भवती स्त्रियांना लसणाच्या कॅप्सूल दिल्या आणि नंतर गर्भजलाचे नमुने काही लोकांना हुंगायला दिले. लसूण घेतलेल्या बहुतेक बायकांचं गर्भजल हुंगणाऱ्यांना वेगळं ओळखू आलं. बाळ हे पाणी गिळत असतं. 2001 मध्ये मेनेलानंच गाजराचा प्रयोग केला. काही बायकांनी गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत, काहींनी अंगावर पाजताना गाजराचा रस प्यायला. त्यांच्या बाळांना पुढे वरचं अन्न सुरू झालं, तेव्हा गाजराच्या चवीची पेज त्यांनी इतर बाळांपेक्षा कमी तोंड वाकडं करत खाल्ली. फ्रान्समध्ये बडीशेपेच्या वासाचं असंच दिसलं: गरोदरपणी तो पदार्थ खाणाऱ्या आयांची नवजात बाळं त्या वासाकडे वळत होती.

पेठच्या घरात जेठ-आषाढात आई शेवळं, फोडशी, टाकळा खाते, वर लसणाचा ठेचा. पोटातल्या किंवा अंगावरच्या बाळाची रानाशी ओळख तिथेच सुरू होते.

मग येतं दोन ते सहा वर्षांचं वय. या वयात मूल नव्या पदार्थाला हट्टानं नकार देतं. आया वैतागतात, पण या नकाराला कारण आहे: मूल चालू लागलेलं असतं, हाताला येईल ते तोंडात घालू शकतं, आणि अनोळखी पाल्याला नाही म्हणणारं मूल वाचण्याची शक्यता जास्त. अमेरिकन संशोधक लीन बर्च हिनं 1980 च्या दशकात याच वयाच्या मुलांवर काम केलं. तिला दिसलं, की नवा पदार्थ पुन्हा पुन्हा चाखायला मिळाला तर नावड हळूहळू विरते. साधारण आठ ते पंधरा वेळा लागतात. नुसता बघून किंवा हुंगून उपयोग होत नाही. तो तोंडात जावा लागतो. बहुतेक घरांत आई तिसऱ्या-चौथ्या वेळीच हार मानते आणि म्हणते, आमच्याकडे हे खात नाही.

आता शेवळाचा हिशेब मांडून पाहा. शेवळं येतात मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, कुठे थोडी पुढे. जंगल विरळ झालं आहे, सोलायला उरक लागतो, घरात ती वर्षातून तीन-चार वेळा होत असेल. बर्चच्या आकड्याला पोचायला मुलाला दोन ते पाच पावसाळे घरी काढावे लागतात. भेंडी किंवा बटाटा महिन्याभरात जी ओळख करून देतो, तिला शेवळाला निम्मं बालपण लागतं. रानभाज्यांची सगळ्यात मोठी अडचण मला हीच वाटते. त्यांचा मोसम लहान, आणि मुलाच्या जिभेचं दार उघडं असण्याचा काळही लहान. दोन्ही एकाच वेळी, एकाच चुलीपाशी जुळून यावे लागतात.

ते जुळणं आता चुकू लागलं आहे. दिवाळीनंतर पेठमधली कितीतरी कुटुंबं द्राक्षबागांच्या, बांधकामांच्या कामावर नाशिक, दिंडोरीकडे जातात. पावसाळ्यात परततात हे खरं. पण मुलं पहिलीपासून आश्रमशाळेत असतात आणि शाळा उघडतात नेमक्या जूनच्या मध्याला. शेवळाचा मोसम सरत असताना आणि बाकीच्या रानभाज्या वर येत असताना सहा-सात वर्षांचं मूल गाव सोडून वसतिगृहाच्या पंगतीत बसलेलं असतं. तिथे भात, वरण, पोळी, बटाट्याची किंवा कडधान्याची भाजी. पोट भरतं, शाळा होते. यात वाईट काही नाही. फक्त दहा वर्षांनी तोच मुलगा घरी आल्यावर आजीनं केलेलं शेवळ पाहुण्यासारखं चाचपून बाजूला सारतो.

अनोळखी चवीला नाक मुरडताना माणूस वासावर फार भरवसा ठेवतो. नाक मात्र पढवलेल्या साक्षीदारासारखं असतं. जे नाव कानावर पडेल त्याप्रमाणे जबानी देतं. 2001 मध्ये संशोधक रेचल हर्झनं लोकांना एकच आंबूस वास दोनदा हुंगवला. एकदा सांगितलं, हे परमेसान चीज आहे. एकदा सांगितलं, ही उलटी आहे. तोच वास एकदा हवासा झाला, एकदा किळसवाणा.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण आपल्याच मुलुखातलं आहे. इंद्रायणी तांदळाचा भात शिजताना घरभर जो वास सुटतो, त्याच्या मुळाशी 2-असेटिल-1-पायरोलीन नावाचा रेणू आहे. सुगंधी तांदळांत तो असल्याचं 1980 च्या दशकात दाखवलं गेलं. कोलकात्याचे वाघांचे अभ्यासक रतनलाल ब्रह्मचारी यांना हाच रेणू दोन ठिकाणी सापडला: वाघ झाडांवर हद्द आखण्यासाठी जो फवारा मारतो त्यात, आणि मोहाच्या फुलांत. पेठच्या माणसाला चैत्रात मोहाखाली उभं राहिलं की भूक लागते. तिथे वेचलेली फुलं वाळवून ठेवलेली असतात, भाजून, उकडून खाल्लेली असतात. शहरातल्या माणसाच्या मनात मोह म्हणजे दारू, आणि दारू म्हणजे काहीतरी लपवायचं. म्हणून त्याला तोच वास उग्र वाटतो. इंद्रायणीच्या भाताला मात्र तो दीर्घ श्वास घेतो.

सुकटीचंही तसंच. वाळवलेल्या मासळीला ट्रायमिथिलअमाइनचा वास असतो. मासळी मरून पडली की जिवाणू ते तयार करतात, आणि आपल्या नाकाला ते अगदी थोड्या प्रमाणातही कळतं, कारण खराब मासळी ओळखणं जिवावरच्या गोष्टींपैकी आहे. घाटावरच्या आदिवासी पाड्यात पावसाळ्यात एखाद्या दिवशी ताजं कालवण नसतं तेव्हा मूठभर सुकट तव्यावर भाजली की भाकरीला चव येते. ज्या घरात असं कधी झालं नाही, त्या घरातला माणूस शेजारच्या तव्याचा वास आला की खिडकी लावून घेतो. खिडकी लावताना तो नुसत्या वासाला बाहेर ठेवत नाही. शेजारी कोण आहे, काय खातो, आपल्यातला आहे की नाही, हे सगळं त्या हालचालीत असतं. किळस ही आपल्याकडे फार लवकर जातीची आणि वर्गाची भाषा बोलू लागते.

याबाबतीत नागलीइतकं कुणी सोसलं नसेल.

नागलीची भाकरी करताना पीठ उकळत्या पाण्यात मळावं लागतं, कारण गव्हासारखा चिकटपणा त्यात नसतो. हातावर थापत थापत ती मोठी करायची, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं. भाजली की रंग मातकट काळपट होतो. पहिल्या घासाला तुरट लागते. दाण्याच्या लालसर सालात पॉलिफिनॉल असतात, ती लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, आणि जिभेवरचा ओशटपणा निघून जाऊन कोरडं कोरडं वाटतं. तुरटपणा ही चव कमी आणि स्पर्श जास्त. गंमत अशी, की तुरट-कडू खाणं रोजचं झालं की लाळच बदलते. उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं आहे: पॉलिफिनॉलयुक्त खाण्यानं लाळेत त्यांना बांधून ठेवणारी प्रथिनं वाढतात आणि मग तेच खाणं सुसह्य होतं. माणसांवर झालेल्या लहान प्रयोगांचा रोखही तिकडेच आहे. नागली रोज खाणाऱ्याला ती तुरट लागत नाही असं पेठमध्ये कुणी सांगितलं, तर त्याचं तोंड खरोखरच वेगळं झालेलं असण्याची शक्यता आहे. उडदाचं भुजं आणि खुरासणीची चटणी बरोबर असली तर त्या भाकरीला दुसरं काही लागत नाही.

शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधातल्यापेक्षा कितीतरी जास्त. तरीही ती गरिबाची मानली गेली. पाहुणा आला की भात, सणाला गव्हाची पोळी, आणि नागलीची भाकरी झाकून ठेवायची, ही रीत डोंगरातल्या किती घरांत होती आणि आहे. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात धान्याचे जे दर ठरले, ते वाचले की ही उतरंड कागदावर दिसते: तांदूळ किलोला 3 रुपये, गहू 2 रुपये, भरडधान्य 1 रुपया. सवलत म्हणून यात हेतू चांगलाच होता. पण ताटात काय मानाचं आणि काय कमी प्रतीचं, हे पोरानं शिकायला यापेक्षा सोपा धडा नाही. रेशनवर प्रत्यक्षात मुख्यत्वे तांदूळ आणि गहूच आले, आणि घरचं नागलीचं शेत आक्रसत गेलं.

मग वारं फिरलं. 2018 मध्ये केंद्र सरकारनं ज्वारी, बाजरी, नागली यांना पौष्टिक तृणधान्यांचा दर्जा दिला. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं. नाशिक-पुण्याच्या दुकानांत नागलीची बिस्किटं, नागलीचा डोसा, नागलीचे लाडू आले. दरवर्षी ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात आणि शहरातली माणसं तिथे करटुली, टाकळा कौतुकानं विकत घेतात. दाणा तोच, तुरटपणा तोच. बदललं ते त्याला खाणाऱ्याचं सामाजिक स्थान. याचा मला आनंद होतो, आणि एक काळजीही वाटते. शहरात मागणी वाढली की डोंगरातली नागली आणि शेवळं विकण्यासाठी खाली उतरतात, आणि ज्या मुलाची त्यांच्याशी ओळख व्हायची, त्याच्या ताटात ती आणखी क्वचित पडतात.

ओळख घडवता येते, हे मिरचीनं आपल्याला सिद्ध करून दिलेलं आहे. मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपलं तिखट मिऱ्याचं आणि पिंपळीचं होतं. मिरचीतलं कॅप्सेसिन चवीच्या ग्राहींना हात लावत नाही. भाजल्याची जाणीव देणाऱ्या चेतातंतूंना ते उठवतं. त्यांतला ग्राही डेव्हिड जूलियस यांनी 1997 मध्ये शोधला, त्यासाठी 2021 चं नोबेल मिळालं. म्हणजे मिरची हे शुद्ध दुखणं आहे. संशोधक पॉल रोझिन यांनी मेक्सिकोतल्या एका खेड्यात जाऊन पाहिलं, तर तिथली कुत्री आणि डुकरं मिरचीचं उरलेलं रोज खात होती, तरी निवड दिली तर बिनमिरचीचंच घेत होती. मुलं मात्र पाच-सहा वर्षांची होईतो आपणहून मिरची मागू लागली होती. त्यांच्यावर कुणी जबरदस्ती केलेली नव्हती. घरातली मोठी माणसं मिटक्या मारत खाताना त्यांनी पाहिलं होतं, आणि थोडं थोडं, जमेल तसं, त्यांच्या ताटात पडत गेलं होतं. आपल्याकडे ठेचा असाच शिकला जातो: आधी भाकरीच्या कडेला बोटभर, तेलाखाली, मोठ्यांच्या शेजारी बसून.

म्हणून आश्रमशाळेच्या स्वयंपाकघराबद्दल मला एक अगदी साधी गोष्ट सुचवावीशी वाटते. शेवळं पोत्यांनी आणता येणार नाहीत. ती तेवढी उगवत नाहीत, आणि शंभर मुलांसाठी सोलायला कुणाला वेळ होणार नाही. पण टाकळा आहे. पहिल्या पावसानंतर तो शाळेच्या कुंपणाला, रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत हवा तेवढा येतो. कोवळी पानं खुडायची, लसणाची फोडणी, वर हवं तर भिजवलेली डाळ. जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत, पानं निबर व्हायच्या आत, आठवड्यातून दोनदा तो पंगतीत आला, तर पहिलीतल्या मुलाच्या तोंडात त्याच पावसाळ्यात तो सतरा-अठरा वेळा जातो. वाढणाऱ्या बाईनं आणि शिक्षकांनी त्याच पंगतीत बसून, तीच भाजी, तशाच चवीनं खाल्ली पाहिजे. आणि आठवड्यातून निदान दोन दिवस पोळीच्या जागी नागलीची भाकरी, गरम, तव्यावरून उतरलेली.